नवी सिएरा घ्या, पण जुनी मोडीत काढू नका

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्याला संदर्भ लागेल. तुमच्या बाबांनी १९९४ साली घेतलेली टाटा सिएरा बडोद्यातल्या समा भागातल्या तुमच्या घराच्या अंगणात उभी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा पाणी तिच्या सीटपर्यंत चढलं, आणि तेव्हापासून तिला कुणी चावी लावलेली नाही. आता तुम्ही नवी सिएरा बुक केली आहे. बाबा म्हणतात, "ही सिएरा नव्हे, नुसतं नाव उचललंय." भाऊ म्हणतो, जुनी भंगारात देऊन मोकळे व्हा. जुन्या गाडीचं रूप घेऊन नवी गाडी आली की जुन्या शौकिनांना आनंद व्हायचा सोडून राग का येतो, आणि अंगणातल्या गाडीचं करायचं काय, असं तुम्ही विचारलं आहे.

मी बडोद्यात पत्र्याचं काम करतो. डेंटिंग, पेंटिंग आणि जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करणं, मिळून पस्तीस वर्षं झाली. पद्मिनी आणि ॲम्बेसेडर किती केल्या ते मोजलंच नाही. जीप, जुन्या लँड रोव्हर, दोन-तीन मॉरिस मायनर, आणि हो, सिएराही चार केल्या. त्यामुळे माझं उत्तर पत्र्याच्या बाजूने येईल. इंजिनवाला मिस्त्री कदाचित वेगळं सांगेल.

बाबांच्या बोलण्याला हट्ट समजू नका. त्यात तथ्य आहे. ते कुठे आहे हे कळायला जुनी सिएरा मुळात तशी का दिसायची ते पाहावं लागेल.

१९९१ साली सिएरा आली तेव्हा टेल्को, म्हणजे टाटांची गाड्यांची कंपनी, म्हटलं की ट्रक आणि बस, हेच लोकांच्या डोक्यात होतं. हाताशी होता तो टाटामोबाइल पिकअप. त्याचीच शिडीसारखी चॅसी (खालचा सांगाडा) घेतली, १९४८ सीसीचं डिझेल इंजिन घेतलं, मागच्या चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा घेतल्या. पिकअपला दारं दोन, म्हणून सिएरालाही बाजूची दारं दोनच. पिकअपचा हौद असतो त्या जागी माणसं बसवायची ठरल्यावर बाजूला लांबलचक पत्रा आला असता आणि मागची सीट म्हणजे कोठीची खोली झाली असती. तिथे काच आली. तीही नुसती उभी नव्हे, वर छताकडे वळलेली. मागच्या माणसाला दार नाही, खिडकी उघडायची सोय नाही, पण डोक्यावरून उजेड येतो. तुम्ही लिहिलंत की लहानपणी पावागढला जाताना मागच्या सीटवर आडवं पडलं की काचेतून ढग दिसायचे. ते ढग दिसायचे कारण गाडीला मागची दारं नव्हती. दारं असती तर ती काच कुणाला सुचलीही नसती, असं मला वाटतं.

माणसांच्या मनात घर करून बसलेल्या गाड्या उलगडून पाहिल्या की बहुतेकींच्या रूपामागे अशीच एखादी अडचण सापडते. लँड रोव्हर पाहा. १९४८ साली ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा उभी राहिली. युद्ध नुकतंच संपलेलं, ब्रिटनमध्ये पोलादाला रेशन, त्यामुळे अंगाला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू लावला. साच्यांवर खर्च करायची ऐपत नव्हती, म्हणून पत्रे सपाट आणि घड्या सरळ ठेवल्या. सुरुवातीच्या गाड्यांचा फिका हिरवा रंगसुद्धा विमानांसाठी बनवलेल्या रंगातला उरलेला. मी तिचं दार हातात घेतो तेव्हा मला ते लगेच जाणवतं. हे दार कुठल्याही बऱ्या पत्रेवाल्याला घडीयंत्रावर करता येईल, आणि ते तसं करता यावं म्हणूनच ते तसं आहे. आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, आपल्याकडच्या चहाच्या मळ्यात ती गाडी दुरुस्त होत राहिली याचं मूळ त्या सरळ घडीत आहे.

मिनीचंही तेच. १९५६ साली सुएझ कालव्याचं संकट आलं, इंग्लंडमध्ये पेट्रोलला रेशन लागलं, आणि ॲलेक इसिगोनिस यांना सांगण्यात आलं की चार माणसं बसतील अशी लहानात लहान गाडी करा. १९५९ साली आलेली मिनी फक्त ३.०५ मीटर लांब होती. इंजिन आडवं टाकलं, गिअरबॉक्स इंजिनाच्या तेलाच्या टाकीतच बसवला, चाकं १० इंची घेतली, आणि वाचलेली सगळी जागा माणसांना दिली. तिच्या पत्र्यांच्या वेल्डिंगच्या कडा बाहेरून दिसतात. पहिल्यांदा पाहिल्यावर मला वाटलं की कुणी तरी काम अर्धं टाकून गेलंय. मग कळलं की कड बाहेर ठेवली की जोडकाम सोपं होतं आणि आतली जागा खात नाही. पुढे हीच कड तिची ओळख झाली.

आता अशा गाडीचा नवा अवतार काढायचा म्हणजे काय होतं? अडचण तर उरलेली नसते. पेट्रोल मिळतं, पोलाद मिळतं, संगणकावर हवा तो साचा निघतो. वर टक्करीच्या चाचण्या, एअरबॅग, पादचाऱ्याला कमी लागावं म्हणून बोनेटखाली मोकळी जागा, हे सगळं कायद्याने घालावंच लागतं आणि ते घातलंच पाहिजे. गाडी फुगते. गरजेतून आलेला आकार आता आठवणीतून काढावा लागतो. जुन्या शौकिनाला नेमकं हेच टोचतं. त्याला ते शब्दांत सांगता येत नाही, म्हणून तो म्हणतो, "नुसतं नाव उचललंय."

सगळ्यात ठळक उदाहरण फोक्सवॅगनच्या न्यू बीटलचं. १९९४ च्या जानेवारीत डेट्रॉईटला 'कन्सेप्ट वन' नावाची एक गाडी दाखवली गेली. ती जे मेज आणि फ्रीमन थॉमस यांनी कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत आखली होती. लोकांनी ती इतकी डोक्यावर घेतली की कंपनीला ती बनवावीच लागली, आणि १९९८ साली ती बाजारात आली. मूळ बीटलचं इंजिन मागे, हवेने थंड होणारं, आणि मडगार्ड अंगाला बोल्टने बसवलेले. न्यू बीटल म्हणजे खालून त्याच कंपनीची गोल्फ. इंजिन पुढे, ताकद पुढच्या चाकांना. वर मात्र ती कमान तशीच हवी होती. आपल्याकडे ही गाडी २००९ च्या शेवटी आली आणि काही वर्षांनी बडोद्यातलीच एक माझ्याकडे बोनेट रंगवायला आली. काम झाल्यावर पोरगा डॅशबोर्ड पुसायला बसला, तर पुढच्या काचेच्या कोपऱ्यापर्यंत त्याचा हात पोहोचेना. शेवटी त्याने काठीला फडकं बांधलं. छताची कमान पूर्ण गोल दिसावी म्हणून काच इतकी पुढे गेली होती की डॅशबोर्डाचा ओटा झाला होता. मागे बसणाऱ्याचं डोकं छताला लागत होतं, कारण तिथे कमान खाली उतरते. मूळ गाडीची कमान आतल्या माणसांसाठी होती, आणि इथे माणसं कमानीसाठी अंग चोरून बसली होती.

पण त्या बीटलच्या मालकीणबाई रंग पाहायला आल्या तेव्हा त्यांनी आधी आत वाकून स्टिअरिंगजवळच्या छोट्या फुलदाणीत मोगऱ्याची दोन फुलं ठेवली आणि मग बोनेटकडे पाहिलं. त्यांना त्या गाडीने जे दिलं ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे जुनी बीटल कधीच नव्हती. त्यांना ही नवी म्हणूनच भेटली होती.

इथे दोन प्रकारची माणसं वेगळी करायला हवीत. एकाने ती गाडी पाहिलेली असते, दुसऱ्याने ती चालवलेली असते. २०२३ च्या जानेवारीत आपल्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या हिरवळीवर जुन्या गाड्यांचा '२१ गन सल्यूट'चा मोठा सोहळा झाला. देशभरातून राजेराजवाड्यांच्या गाड्या आल्या होत्या. मी तीनही दिवस तिकडेच होतो. पण माझ्या लक्षात राहिलेली गोष्ट पार्किंगमधली आहे. बघायला आलेल्या कुणाची तरी एक साधी पद्मिनी तिथे उभी होती. रावपुऱ्याकडचे वाटावेत असे एक आजोबा तिच्याजवळ थांबले. त्यांनी तिला हात लावला नाही. खिडकीतून आत पाहत उभे राहिले, आणि पाहता पाहता त्यांचा डावा हात आपोआप हवेत उचलला गेला, जरा पुढे, वर, मग स्वतःकडे ओढून खाली. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर ते हवेतच टाकत होते. कितीतरी वर्षांनी हाताला तो आठवला होता. त्यांच्या लक्षातही आलं नसेल.

पद्मिनीचा नवा अवतार उद्या कुणी काढलाच, गोल दिवे, क्रोमची जाळी, मागचे छोटे पंख असं सगळं जुळवून काढला, तरी त्या आजोबांच्या डाव्या हाताला त्यात काय सापडणार? डोळ्यांना ओळख पटेल, हाताला पटणार नाही. मला वाटतं शौकिनांचा राग असतो तो या फरकाचा. बाबांना विचारा, जुन्या सिएराचं दार कसं लागायचं, क्लच कुठे पकडायचा, थंडीत सकाळी डिझेल इंजिन आतून तापवणाऱ्या ग्लो प्लगचा दिवा विझेपर्यंत किती वेळ थांबायचं. ते हाताने दाखवतील बघा.

म्हणून मी नव्या अवतारांकडे बघताना चेहरा किती जुळला हे फारसं बघत नाही. जुन्या रूपाला नवं काम मिळालं का, ते बघतो. रेनॉ ५ चं उदाहरण मला फार आवडतं. मूळ गाडी १९७२ ची, तिचं रूप आखणारा मिशेल बुए ती बाजारात यायच्या आधीच वारला. तिच्या बोनेटवर एका बाजूला हवेची जाळी होती. २०२४ साली तीच गाडी विजेवर परत आली. विजेच्या गाडीला तिथून हवा कशाला हवी? पण ती जागा त्यांनी रिकामी ठेवली नाही आणि खोटी जाळीही चिकटवली नाही. तिथे बॅटरी किती भरली हे दाखवणारा दिवा बसवला. गाडी चार्जिंगला लावून तुम्ही घरात गेलात तरी खिडकीतून कळतं. जुन्या जागेला नवा रोजगार मिळाला. असं काही दिसलं की पत्र्याचं काम करणाऱ्या माणसाला समाधान वाटतं.

बीएमडब्ल्यूच्या मिनीबद्दल माझं मत मधलं आहे. २००१ साली आलेली ती गाडी ३.६३ मीटर, म्हणजे मूळच्यापेक्षा अर्ध्या मीटरहून जास्त लांब, आणि आत जागा मात्र तशी बेताचीच. जागा वाचवायचा मूळ हेतू तिथे संपला. पण चाकं अगदी चार कोपऱ्यांत आणि वळणावर गाडी जमिनीला चिकटून राहणं हे फ्रँक स्टीफनसन आणि त्याच्या मंडळींनी जपलं, आणि ज्यांनी जुनी मिनी चालवली होती त्यांच्यातल्या पुष्कळांनी तिला याच कारणाने माफ केलं. थोडक्यात, हाताला काहीतरी सापडलं. फियाट ५०० ची गोष्ट याहून साधी आहे. मूळची ४ जुलै १९५७ ची, दान्ते जाकोसा यांची, दोन सिलिंडरचं छोटं इंजिन मागे असलेली. बरोबर ५० वर्षांनी, ४ जुलै २००७ ला, नवी आली. इंजिन पुढे गेलं, तंत्र सगळं बदललं, पण ती शहरातल्या गल्लीतून जाईल एवढीच राहिली. इटलीच्या गल्ल्या काही रुंद झाल्या नव्हत्या. गरज शिल्लक होती, म्हणून आकारही शिल्लक राहिला.

लँड रोव्हर डिफेंडरवरून तर भांडण कोर्टात गेलं. जुन्या घडणीची शेवटची गाडी २९ जानेवारी २०१६ ला बनली. २०१९ मध्ये नवी डिफेंडर दाखवली, तिची चॅसी वेगळी नव्हती, अंग आणि सांगाडा एकच. जुने लोक खवळले. जिम रॅटक्लिफ नावाच्या उद्योगपतीने तर त्याआधीच स्वतःची चौकोनी गाडी काढायचं ठरवलं होतं. जुन्या डिफेंडरच्या आकारावर ट्रेडमार्क मिळावा म्हणून जग्वार लँड रोव्हर लढली आणि २०२० साली ब्रिटनच्या उच्च न्यायालयात हरली. मग रॅटक्लिफच्या इनिओस कंपनीची ग्रेनेडियर आली, शिडीच्या चॅसीवर, पुढे-मागे अखंड ॲक्सलसह. म्हणजे नाव आणि वारसा एका घरात राहिला, आणि जुनी रीत दुसऱ्या घरात गेली. तुम्हाला कोण खरं वाटतं? मी दोन्ही गाड्यांखाली वाकून पाहिलं आहे. खालून पाहिलं तर माझी जुनी ओळख ग्रेनेडियरशी लागते. तरीही रोज अहमदाबादला जायचं असेल तर मी नव्या डिफेंडरमध्ये बसेन. ती बरीच सुरक्षित आणि शांत आहे, आणि हे नाकारून काही उपयोग नाही.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते मार्चेल्लो गांदिनी यांनी. लॅम्बोर्गिनी काउंटाश या गाडीचं रूप हे त्यांचं काम. १९७१ साली ती जिनिव्हात दाखवली तेव्हा तशी गाडी कुणी पाहिली नव्हती. २०२१ साली लॅम्बोर्गिनीने त्याच नावाने ११२ गाड्यांची नवी मालिका काढली, आणि गांदिनी यांनी जाहीरपणे सांगितलं की या गाडीशी आपला काही संबंध नाही. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं की काउंटाश काढताना आपण मागे पाहिलंच नव्हतं, काहीतरी अगदी वेगळं करायचं म्हणून ती काढली. तिची नक्कल करणं म्हणजे तिच्या स्वभावाच्या विरुद्ध जाणं. २०२४ च्या मार्चमध्ये ते गेले. ज्याने मूळ रूप घडवलं त्याचाच आक्षेप असा असेल, तर बाबांच्या तक्रारीला म्हाताऱ्यांची कुरकुर म्हणून कसं बाजूला सारायचं?

बडोदेकरांनी एक गोष्ट तर घराजवळच पाहिली आहे. हालोलच्या कारखान्यात २०१७ पर्यंत शेवरोले बनायच्या. तिथेच २०१९ पासून एमजी बनते. तो आठ कोनांचा बिल्ला म्हणजे ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसचा, १९२०च्या दशकातला. इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यात उघड्या छताच्या, दोन सीटच्या, साध्या माणसाला परवडतील अशा गाड्या त्याच बिल्ल्याखाली बनल्या. १९८० मध्ये तो कारखाना बंद झाला. नाव हातोहात जात शेवटी चीनच्या कंपनीकडे आलं. हालोलमध्ये बनलेली हेक्टर उपयोगी गाडी आहे, माझ्या शेजाऱ्यांकडे आहे, पण तिचा आणि ॲबिंग्डनचा संबंध बिल्ल्यापुरता. २०२५ मध्ये एमजीने विजेवर चालणारी, उघड्या छताची, दोन सीटची सायबरस्टर आपल्याकडे आणली, तेव्हा मात्र जुन्या एमजीवाल्यांपैकी काही जणांनी मान वळवून पाहिलं. किंमत पाहिल्यावर परत वळवलीसुद्धा, कारण जुन्या एमजीचा अर्धा जीव तिच्या परवडण्यात होता.

आता तुमची नवी सिएरा. २०२० च्या ऑटो एक्स्पोत टाटांनी जी संकल्पना दाखवली, तिच्यात बाजूची काच खरोखर छतावर चढत गेली होती. मी तिथे फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीत उभा होतो आणि मला भरून आलं होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये जी गाडी बाजारात आली, तिला मागची दारं आहेत, पाच दारांची गाडी आहे. ती वळणारी काच आता नाही. काळ्या चकचकीत रंगाने आणि सपाट काचेने तिचा भास केला आहे. दुरून पाहिलं की जुनी सिएरा आठवते, हाताने चाचपलं की पत्रा लागतो. चॅसी वेगळी नाही, ताकद पुढच्या चाकांना.

बाबांना हे खटकलं असणार. मलाही खटकलं. पण एक बाजू त्यांना सांगून पाहा. जुन्या काचेचं कारण होतं मागे दार नसणं. आता तुमच्या आई मागे बसणार, गुडघे दुखतात असं तुम्ही लिहिलंय. त्यांनी पुढची सीट वाकवून आत शिरावं असं कुणालाही वाटणार नाही. दार आल्यावर काचेचं कारण गेलं, आणि कारण गेल्यावर काच ठेवली असती तर तो न्यू बीटलचा डॅशबोर्ड झाला असता. टाटांनी मागच्या माणसाला दार दिलं आणि वरच्या मॉडेलात छताला मोठी काच दिली. आकाश दिसतं, फक्त बाजूने न दिसता वरून दिसतं. मला त्या काळ्या रंगाच्या भासापेक्षा ते छतच जास्त प्रामाणिक वाटतं. बसायची पद्धत, चाकांवरच्या चौकोनी कमानी, सरळ उभा चेहरा हेही जमलंय. गाडी म्हणून ती घ्यायला माझी काहीच हरकत नाही. तिने जुनीची जागा घेतली असं मात्र समजू नका, तिचा पत्ता वेगळा आहे.

माणसांची मतं बदलतात हेही खरं. निस्सानची फिगारो १९९१ साली फक्त २०,००० बनली, मागणी इतकी की सोडत काढून विकली. ती कुठल्याच एका जुन्या गाडीची नक्कल नव्हती, आजोबांच्या काळात अशी एखादी गाडी असती तर कशी दिसली असती असं काहीतरी होतं, खाली साधी मायक्रा. तेव्हा तिला खेळणं म्हणणारे होते. आज तीच जपून ठेवणारे, तिचे भाग शोधत फिरणारे शौकीन जगभर आहेत. न्यू बीटलचंही हळूहळू तसंच होईल. तुमची मुलं तीस वर्षांनी तुमच्या नव्या सिएराबद्दल बाबांसारखंच बोलतील याची मला खात्री आहे, आणि तेव्हा त्यांचं म्हणणंही खरं असेल.

आता अंगणातल्या गाडीकडे येऊ. भावाचं म्हणणं पैशाच्या हिशोबाने चुकीचं नाही. अधिकृत केंद्रात गाडी मोडीत दिली की जमा प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर नव्या खासगी गाडीच्या रस्ते करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. पण जुनी सिएरा मोडली की उरलेल्या सिएरांना भाग कुठून मिळणार, याचा विचार करा. तिची मागची वळलेली काच हल्ली दुकानात मिळत नाही. माझ्याकडे आलेल्या चारपैकी दोन सिएरा निव्वळ त्या काचेसाठी सहा-सहा महिने थांबल्या होत्या. तुम्ही लिहिलंय की तुमच्या गाडीच्या दोन्ही काचा धड आहेत. नुसत्या त्या दोन काचांसाठीसुद्धा ती गाडी भंगारवाल्याच्या हातोड्याखाली जाऊ नये.

हवं तर नवी काच बनवून घेता येते, पण मग ती नक्कल आहे हे उघड सांगायचं. जग्वारने तसं केलं. १९६३ साली हलक्या ई-टाइपचे १८ चॅसी क्रमांक ठरले होते, गाड्या १२ च बनल्या. उरलेले सहा क्रमांक त्यांनी २०१४ नंतर जुन्या पद्धतीने बनवून पूर्ण केले आणि त्या आज बनलेल्या आहेत हे लपवलं नाही. काही शौकिनांना तेही रुचलं नाही. मला रुचलं, कारण त्यात फसवणूक नव्हती आणि जुन्या पत्र्याची घडी घालायची रीत नव्या हातांनी शिकली. माझ्या धंद्यात वाईट वाटतं ते उलट प्रकाराचं. एकदा एका गिऱ्हाइकाने 'मूळ पत्रा' म्हणून घेतलेली पद्मिनी माझ्याकडे आणली. चुंबक लावला तर दरवाजाच्या खालच्या अर्ध्या भागाला तो चिकटेच ना. रंग उतरवला, तर आत बोटभर जाडीची लांबी (पुट्टी) भरलेली, आणि तिच्या आत पत्र्याऐवजी वर्तमानपत्राचा बोळा. जुनं रूप टिकवायचं म्हणजे असं टिकवायचं नसतं.

कागदांचं आधी पाहा. १९९४ ची गाडी म्हणजे १५ वर्षं २००९ ला झाली, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. वेळेवर केलं असेल तर २०२४ ला पुन्हा मुदत संपली असणार, आणि पुराच्या धांदलीत ते राहून गेलं असावं. आरसी बुक काढा आणि दरजीपुऱ्याच्या आरटीओत चौकशी करा. दिल्लीसारखी दहा वर्षांच्या डिझेल गाडीवरची बंदी बडोद्यात नाही, फिटनेस मिळाला तर गाडी रस्त्यावर राहू शकते. 'विंटेज' म्हणून वेगळ्या क्रमांकाने नोंदवायची सोय २०२१ च्या नियमांत आहे, पण ती ५० वर्षं झालेल्या गाडीला, म्हणजे तुमच्या गाडीला २०४४ मध्ये. तोवर ती साधी जुनी गाडी.

पत्र्याचं सांगतो. पुराचं पाणी ओसरतं, पण गाळ राहतो. विश्वामित्रीचा गाळ बारीक असतो, पिठासारखा. तो चॅसीच्या पोकळीत आणि दाराखालच्या पायदानाच्या आत जाऊन बसतो, वाळला तरी पावसाळ्यात ओल धरतो आणि पत्रा आतून खातो. बाहेरून रंग छान दिसत असतो. २०२४ च्या पुरानंतर माझ्याकडे आलेल्या एका जीपचं पायदान मी खालून स्क्रूड्रायव्हरने दाबलं, तर तो बिस्किटात जावा तसा आत गेला आणि मागोमाग गाळाचा लगदा पडला. तुमच्याकडे एवढंच करा: पायदानाखाली पाणी निघायची छोटी भोकं असतात, ती तारेने मोकळी करा आणि त्यातून काय पडतं ते पाहा. वाळलेली माती पडली तर काम आटोक्यात आहे. तांबूस खपल्या पडल्या तर पत्रा बदलावा लागेल, पण चॅसी जाड आहे, ती बहुधा वाचते. गालिचे आणि त्याखालचा फोम काढून फेकून द्या. तो वाळला असं वाटलं तरी ठेवू नका. सीटचे लोखंडी सांगाडे धुऊन उन्हात ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाबांना ती सुरू करून बघायचा मोह होईल. बॅटरी लावून सेल्फ मारू देऊ नका. सिलिंडरमध्ये पाणी किंवा गंज असेल तर एका फटक्यात कनेक्टिंग रॉड वाकेल. आधी इंजेक्टर काढायचे, भोकांतून थोडं तेल सोडायचं, दोन दिवस ठेवायचं आणि मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं. फिरलं तर डिझेलची टाकी, फिल्टर, इंजिनचं आणि गिअरबॉक्सचं तेल सगळं बदलून मग सेल्फला हात लावायचा. हे अंगणात कराल तर सगळं घर काळं होईल. त्यापेक्षा टोचन करून आणा, चारही चाकं फिरताहेत ना आणि हँडब्रेक अडकला नाही ना एवढं आधी पाहून घ्या. मागच्या काचांवर जुनी चादर बांधा, दोरी दाराच्या फटीतून घ्या, काचेवर चिकटपट्टी लावू नका. आणि बाबांना गाडीबरोबर पाठवा, स्टिअरिंग त्यांनाच धरू द्या.